दस्तातला हात

खानापूरकडच्या शेताचं वाटणीपत्र होतं. कचेरीत थोरल्या काकांची पाळी आली तसा कारकून म्हणाला, "अज्जा, एडगै हेब्बट्टु." काकांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि डावा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला. तो कागद आमच्या तोंडी दस्त, कारकुनाच्या तोंडी दस्तावेजु.

एका टेबलावर हाताला तीन शब्द. आमचा हात, एडगैमधला कन्नड 'कै' आणि कागदातला 'दस्त'. हात आणि कै पिढ्यान् पिढ्या शेजारी, पण भाऊबंद नव्हेत. कै द्राविडी, तमिळमध्येही कैच. हाताचा खरा चुलतभाऊ तो दस्त, फारसीतला हात.

पण 'ह' कुठं, 'द' कुठं! संस्कृतात हस्त, पारशांच्या धर्मग्रंथात, म्हणजे अवेस्तात, ज़स्त, आणि इराणच्या सम्राट दारयवहूनं (दारियसनं) इ.स.पू. ५२०च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून घेतलेल्या प्राचीन फारसीत दस्त. एकच शब्द असता तर योगायोग म्हणून सोडून दिला असता. पण संस्कृत 'अहम्' अवेस्तात 'अज़ेम्' होतो आणि बेहिस्तूनला 'अदम्'. पुन्हा तेच, ह-ज़-द.

म्हणजे तिघांच्या मागं एकच जुना ध्वनी हवा. तो 'झ'च्या जवळचा असावा, आणि त्याची खूण संस्कृतातच शिल्लक आहे. 'धा' धातूचं रूप दधाति. धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होताना त्यातला महाप्राण (आतला ह-कार) गळतो, धचा द होतो. आता 'हु' धातू घ्या, होमातला. त्याचं रूप जुहोति. हच्या जागी ज कुठून आला? मुळात तिथं झ असेल तरच. म्हणून भाषाशास्त्रज्ञ हस्ताचं मूळ रूप साधारण *झस्त असं मांडतात. पुढची चांदणी सांगते की हे रूप कुठं लिहिलेलं सापडलेलं नाही, मागं मागं जात हिशेबानं काढलेलं आहे.

(याच हस्तावरून हस्तिन्, म्हणजे हातवाला. सोंडेला हात म्हणणाऱ्याला दाद द्यायला हवी. आपला हत्ती तिथलाच.)

काकांची बाहीसुद्धा याच हिशेबात बसते. संस्कृत बाहु, अवेस्तात बाज़ु. बाहूवरून आपली बाही आली. फारसी 'बाज़ू'वरून बाजू आणि बाजूबंद. फारसीच्या नियमानं इथंही 'द' यायला हवा होता, पण हा शब्द तिनं शेजारच्या इराणी बोलीतून उचललेला. सीमाभाग तिकडंही होताच.