सीमाभागातला उपवास: तिथीपासून शुगरच्या रिपोर्टपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात आता उपवास दोन गोष्टी पाहून धरला जातो. एक कॅलेंडरवरची तिथी आणि दुसरा लॅबमधून आलेला शुगरचा रिपोर्ट. एकाच घरात सासूबाईंची एकादशी असते, मुलाचं सोळा तास न खाणं असतं आणि दोघांची वेळ सांभाळणारी सून तिसरीच असते. हे दोन्ही उपवास बोलण्यात इतके एकत्र आलेत की कुठला कुठून आला हे मागे जाऊन पाहावं लागतं.

फार जुन्या काळाबद्दल थोडक्यात. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 ची, रट्ट राजांच्या काळातली. अन्नपाणी क्रमाने सोडून देह ठेवणाऱ्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या निषिधी शिळा कर्नाटकभर आहेत. वारकऱ्यांची एकादशी, कपिलेश्वराची महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

ताटाबद्दल मात्र सांगायला हवं, कारण 'पूर्वापार' म्हणून जे वाढलं जातं त्यातलं बरंच पूर्वापार नाही. बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळं ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी आल्यानंतरच ती इकडे रुजली. साबुदाणा तर फारच अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल थांबला आणि तमिळनाडूत सेलमच्या बाजूला टॅपिओकापासून तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला. त्याआधी मुख्यतः वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा यांच्यावर भागायचं. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडची रताळी आज शिवरात्रीच्या आधी मार्केट यार्डात पोत्यांनी येतात. तांबडी माती अजून सालीला चिकटलेली असते आणि तिथूनच ती उत्तरेकडे रवाना होतात. त्याच गल्लीतल्या जैन घरात मात्र रताळं कुठल्याच दिवशी शिजत नाही, कारण कंदमुळं वर्ज्य. तिथल्या उपवासाला फराळ हा प्रकारच नाही. पर्युषणात कडक उपवास करणाऱ्या बायका दिवसातून एकदा उकळून निवलेलं पाणी घेतात, तेही दिवस मावळायच्या आत. पारणं दुसऱ्या दिवशी, सावकाश.

या जैन परंपरेला विसाव्या शतकात मोठं बळ मिळालं ते दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरच्या भोज गावातून. 1872 साली जन्मलेल्या तिथल्या एका शेतकरी घरातल्या मुलाने पुढे दिगंबर मुनिदीक्षा घेतली आणि आचार्य शांतिसागर म्हणून देशभर विहार केला. 1955 मध्ये कुंथलगिरीला 36 दिवसांच्या सल्लेखनेनंतर, म्हणजे अन्नपाणी क्रमाने सोडत मरणाला सामोरं जाण्याच्या व्रतानंतर, त्यांनी देह ठेवला. त्याच आचार्यांनी मंदिरप्रवेशाच्या कायद्यातून जैन मंदिरं वगळावीत म्हणून 1948 ते 1951 अशी जवळपास तीन वर्षं धान्य वर्ज्य केलं होतं. ती मागणी आज पटणारी नाही. तरीही त्यांच्या शेवटच्या उपवासाबद्दल सीमाभागातल्या जैन घरांत अपार आदर आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय 2015 साली इथली माणसं एवढी का हादरली हे कळत नाही.

त्या वर्षी 10 ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने निकाल दिला. सल्लेखना, म्हणजे तिकडचा संथारा, ही धर्माची अत्यावश्यक प्रथा असल्याचं सिद्ध होत नाही, ती आत्महत्याच मानावी आणि भारतीय दंड विधानाच्या कलम 309 (आत्महत्येचा प्रयत्न) व 306 (आत्महत्येला प्रवृत्त करणं) खाली कारवाई करावी, असा त्याचा आशय होता. याचिका 2006 पासून पडून होती. तिचं म्हणणं सरळ होतं: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, आणि धर्माच्या नावाखाली म्हाताऱ्या, आजारी माणसांवर घरच्यांचा दबाव येऊ शकतो. यातला दुसरा मुद्दा आजही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात संथारा झाला की त्या घराचा मान वाढतो, मिरवणूक निघते. अशा मानाची ओढ कुणाला लागणारच नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण न्यायालयाने प्रथा जिथे उभी आहे तो पायाच नीट तपासला नाही, असं मला वाटतं. जैन आचारात सल्लेखनेला कारणं मोजकी आहेत: टाळता न येणारं संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि ज्यावर उपाय उरला नाही असा आजार. गुरूची परवानगी लागते. आधी जड अन्न सुटतं, मग पातळ, मग ताक, मग पाणी. शरीराला झेपेल तसंच पुढे जायचं. शिवाय मरण लवकर यावं अशी इच्छा मनात आली तर तो दोष धरला जातो, आणि अजून जगावं ही इच्छाही दोषच. रागाच्या भरात विहीर जवळ करणाऱ्या माणसाच्या कृतीत आणि या सावकाश, चार जणांच्या देखत होणाऱ्या त्यागात फरक आहे. कायद्याला तो सांगता येत नाही म्हणून तो नाहीच असं होत नाही.

निकाल राजस्थानचा, त्यामुळे कर्नाटकावर तो थेट बंधनकारक नव्हता. तरी धास्ती खरी होती. कलम 306 म्हणजे प्रवृत्त करणारा गुन्हेगार. मग उशाशी बसून णमोकार मंत्र म्हणणारी लेक, कापसाने ओठ ओले करणारा नातू, परवानगी देणारे महाराज, यांचं काय? 24 ऑगस्टला देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले आणि 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. मधले 21 दिवस ज्या घरांत कुणी खरोखर अंथरुणाला खिळून अन्न सोडत होतं, तिथे काय वातावरण असेल याची कल्पना करवत नाही.

त्यानंतर कायदाच बदलत गेला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे आधी तणावाखालचा माणूस म्हणून पाहायला सांगितलं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत 309 चं जुनं रूप राहिलं नाही. जानेवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारने बरे न होणाऱ्या रुग्णांचे कृत्रिम उपचार थांबवण्याबद्दल परिपत्रक काढलं. त्याचा सल्लेखनेशी थेट संबंध नाही, पण याच राज्यात तो विषय आता उघडपणे बोलता येतो.

दुसऱ्या बाजूला 2016 मध्ये हैदराबादेत तेरा वर्षांची मुलगी 68 दिवसांच्या उपवासानंतर गेली. इथे परंपरेचा बचाव करता येत नाही. पोरवयात एवढा उपवास करू देणं ही मोठ्यांची चूक होती, आणि ते समाजाच्या आतून स्पष्ट बोललं जायला हवं.

मागणीसाठीचं उपोषण या भागाला परकं नाही. 1924 च्या डिसेंबरात बेळगावातल्या टिळकवाडीच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष महात्मा गांधी आले, ते दिल्लीतला 21 दिवसांचा उपवास ऑक्टोबरात सोडूनच. 1966 मध्ये सीमाप्रश्नासाठी पंचाऐंशी वर्षांच्या एका सत्याग्रहीने प्राणांतिक उपोषण धरलं आणि त्याच वर्षी आयोग नेमला गेला. आयोगाने मात्र बेळगाव कर्नाटकातच ठेवायला सांगितलं.

आरोग्याचा उपवास यातला सगळ्यात नवा. आयुर्वेदात लंघनाचे, म्हणजे शरीर हलकं करणाऱ्या उपायांचे, दहा प्रकार आहेत, उपवास त्यातला एक. कुणाला लंघन द्यायचं आणि कुणाला नाही हेही तिथे ठरलेलं आहे. पण गावोगाव लाट आली ती 2018 च्या सुमारास, मराठवाड्यातल्या एका डॉक्टरांच्या भाषणांनी: दिवसात दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा. व्हॉट्सअॅपवरून ती खानापूरच्या वाड्यांपर्यंत पोचली. अनेकांचं वजन खरंच उतरलं. त्याच सुमारास 2016 च्या नोबेलचा हवाला देत 'उपवासाने कॅन्सर बरा होतो' असे मेसेज फिरू लागले. ते पारितोषिक पेशी आपलेच जुने भाग कसे मोडून वापरतात याच्या शोधाला होतं, आणि मूळ प्रयोग उपाशी ठेवलेल्या यीस्टवर झाले होते. एकादशीचा किंवा कॅन्सरच्या उपचाराचा त्यात विषय नव्हता.

जुन्या उपवासांना सुरुवातीइतकाच शेवटही ठरलेला होता, द्वादशीचं पारणं असो की इफ्तारचा खजूर, आणि लक्ष ठेवणारं माणूस घरातच होतं. मोबाइलवरच्या टायमरला तुमच्या गोळ्या माहीत नसतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम खाली येते: घाम, थरथर, भोवळ. उलट दिवसभर साबुदाणा आणि बटाटा खाल्ला तर ती चढते, कारण दोन्ही बहुतेक पिष्टच. रमजानसाठी मधुमेहींनी गोळ्यांची वेळ कशी बदलावी याची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं तयार आहेत आणि रोजे धरणारे पुष्कळ जण आधी डॉक्टरांना भेटतात. एकादशी आणि सोमवार धरणाऱ्यांनीही ते करावं. आषाढीच्या आठ दिवस आधी गेलं तर गोळी बदलून तिचा परिणाम पाहायलाही वेळ मिळतो.