उडतंय की उड्या मारतंय?

कुंडीला पाणी घातलं आणि मातीत काहीतरी वळवळलं, की पहिला हात जातो तो फवारणीच्या बाटलीकडे. तो जरा आवरा. घरातल्या ओल्या मातीत दोन जीव हमखास सापडतात आणि एकाच्या नावाने दुसऱ्याला मार बसतो. एक फंगस नॅट, म्हणजे मातीतली काळी चिलटं. दुसरा स्प्रिंगटेल, म्हणजे मातीतला उड्या मारणारा बारीक जीव. दोघांनाही ओल हवी, बुरशी हवी, आणि दोघं एकाच कुंडीत सुखाने नांदतात. फरक इतकाच की पहिला वाढला की मुळांवर उठतो, दुसरा सहसा झाडाच्या वाटेला जात नाही.

चिलट उडतं, पण रडतखडत. २ ते ४ मिलिमीटरचं काळपट अंग, लांब पाय. कुंडीला धक्का लागला की चारदोन उठतात, काठाशी घुटमळतात आणि परत मातीवर बसतात. स्प्रिंगटेलला पंखच नाहीत. बहुतेक १-२ मिलिमीटरचे, पांढरे किंवा करडे. पाणी घातलं की वर तरंगतात आणि बोट जवळ नेलं की टुणकन गायब. पोटाखाली दुमडलेला एक काटा असतो. तो सुटून खाली आपटला की सगळा जीवच हवेत फेकला जातो. पाय सहा असले तरी आताचे शास्त्रज्ञ याला कीटकांत धरत नाहीत. स्कॉटलंडमधल्या रायनीला याच्या पूर्वजाचा जो जीवाश्म मिळाला, तो सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा फूल नावाची गोष्टही नव्हती.

खरी गफलत होते ती चिलटाच्या अळीपाशी, कारण तीही पांढरीच. पण अळीला पाय नसतात, अंग आरपार दिसेल असं, आणि डोकं चकचकीत काळं. शंका असेल तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. काळ्या डोक्याच्या अळ्या चिकटलेल्या दिसल्या तर चिलटंच.

आणि चिलटं असतील तर उडणाऱ्यांवर फवारत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. मोठं चिलट चावत नाही, झाड खात नाही, आठवडाभरात मरतं. मात्र तेवढ्यात शंभरावर अंडी घालून जातं. नुकसान करते ती वरच्या काही सेंटिमीटर मातीतली अळी: बुरशी, कुजका पाला खाता खाता कोवळी मुळंही खाते. मोठं झाड सोसतं. रोपं आणि नुकतीच लावलेली कलमं कोमेजतात. पिवळे चिकट सापळे जरूर लावा, पण ते प्रामुख्याने मोजदादीसाठी. अळीवर चालतो तो बीटीआय हा जिवाणू, पाण्यात मिसळून मातीत घालायचा. अळीने तो खाल्ला की तिचं आतडं फाटतं. अंडी आणि कोष मात्र त्यातून सुटतात, म्हणून एकदा घालून भागत नाही. अंड्यापासून चिलट व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. निदान तेवढे दिवस, आठवड्याला एकदा तरी घाला.

स्प्रिंगटेलवर बीटीआय फुकट जातं. त्यांना मारायचंच कशाला, हा माझा प्रश्न. बंद काचपात्रात झाडं वाढवणारे बुरशी साफ करायला त्यांना मुद्दाम सोडतात. कुजलेल्या मुळाभोवती ते जमलेले दिसतात आणि आळ त्यांच्यावर येतो. मूळ आधीच अतिपाण्याने गेलेलं असतं. त्यांची झुंबड उडाली असेल तर बशीत पाणी साचतंय का आणि कुंडीचं भोक बुजलंय का, ते आधी बघा.

दोन्ही एकत्र असतील तर वरची २-३ सेंटिमीटर माती कोरडी होईपर्यंत पाणी थांबवा. अंडी आणि लहान अळ्या सुकतात, पातळ कातडीचे स्प्रिंगटेलही खाली सरकतात किंवा मरतात. नेच्यासारख्या झाडाला ही शिक्षा सोसत नाही. त्याची कुंडी अर्धा तास पाण्याच्या तसराळ्यात ठेवा, म्हणजे खालून ओल मिळते आणि वरचा थर बराचसा कोरडा राहतो.