सोन्नलगीचा सिद्धराम : गड्ड्याच्या यात्रेमागची गोष्ट

जानेवारी उजाडला की सोलापुरात कॅलेंडरची भाषा बदलते. कुणी 'यण्णीमज्जनाला' पाहुणे येणार म्हणून सांगतं, कुणी 'अक्षतेच्या दिवशी' सुट्टी मागतं, तर कुणाला 'दारूकाम', म्हणजे शोभेच्या दारूची आतषबाजी, बघूनच पुण्याला परतायचं असतं. होम मैदानावर पाळणे उभे राहतात आणि बाराबंदीला, म्हणजे यात्रेत घालायच्या पांढऱ्या अंगरख्याला, इस्त्री होते. हा गड्डा, म्हणजे संक्रांतीची ही यात्रा, ज्यांच्या नावाने भरते ते सिद्धरामेश्वर, सोलापूरचे ग्रामदैवत, बाराव्या शतकात याच मातीत जन्मले, वाढले आणि इथेच समाधिस्थ झाले.

तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणत. कल्याणच्या (आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या) चालुक्यांचा जोर ओसरून कलचुरी बिज्जळाच्या हाती सत्ता गेली, तो हा काळ. मुद्दगौडा आणि सुग्गव्वा या शेतकरी जोडप्याच्या पोटी सिद्धराम जन्मला. मुलगा आपल्यातच हरवलेला असे, म्हणून घरच्यांनी त्याला गुरं राखायला आणि पिकाच्या राखणीला लावलं. पुढे फार काळ लोटायच्या आतच राघवांक या कन्नड कवीने त्याचं चरित्र षट्पदी छंदात लिहिलं. त्याच्या बालपणाची सगळ्यात लाडकी कथा आहे ती हुरड्याची.

एके दिवशी शेतात एक जंगम, म्हणजे फिरता शिवभक्त साधू, आला. नाव मल्लय्या, गाव श्रीशैल. भूक लागली म्हणाला. पोराने ज्वारीची कोवळी कणसं भाजली, चोळली आणि हुरडा पुढे केला. गरम हुरड्याने पोटात आग पडली, आता दहीभात आण, असं जंगमाने सांगितलं. पोरगं घराकडे पळालं. दहीभात घेऊन येतो तर मल्लय्या नाही. 'मल्लय्या, मल्लय्या' अशा हाका मारत, रडत तो रानोमाळ फिरला आणि श्रीशैलाला निघालेल्या यात्रेकरूंबरोबर थेट तिथे पोचला. लोकांनी त्याला गाभाऱ्यातलं लिंग दाखवलं, "हा बघ तुझा मल्लय्या." त्याला ते पटेना. माझा मल्लय्या बोलत होता, जेवत होता! शेवटी तो कड्यावरून उडी घ्यायला निघाला, तेव्हा मल्लिकार्जुनाने त्याचा हात धरला आणि सांगितलं, सोन्नलगीला परत जा, त्या गावाचं श्रीशैल कर.

ही कथा इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. संक्रांतीच्या सुमाराला सोलापूर-मंगळवेढ्याच्या रानात मालदांडी ज्वारी हुरड्यात येते. आगटीभोवती बसून तळहातावर चोळलेला गरम हुरडा, सोबत दही आणि शेंगाचटणी, हे आजही तसंच चालू आहे. देवाने येऊन जे मागितलं ते या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी मिळणारं आहे. मला ही कथा म्हणूनच फार मोलाची वाटते.

परत आल्यावर सिद्धरामाने जे केलं त्यात चमत्कारापेक्षा कष्ट जास्त आहेत. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या भागात त्याने माणसं जमवून तळं खोदलं. मल्लिकार्जुनाचं मंदिर उभारलं, पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना केली. गोरगरिबांची सामुदायिक लग्नंही त्याने लावून दिली, असं परंपरा सांगते. भुईकोट किल्ल्याला लागून असलेल्या त्या तलावात आज सिद्धेश्वराचं मंदिर आहे आणि आवारात समाधी आहे.

या कामावरच पुढे एक मोठा प्रसंग घडला. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात तो रंगवून आला आहे. शरणसंत अल्लमप्रभू सोन्नलगीला आले आणि खोदकाम करणाऱ्यांना विचारू लागले, तो वड्डर (दगडमाती खोदणारा) राम कुठे आहे? आपल्या गुरूचा असा उल्लेख ऐकून मजूर भडकले, दगड मारू लागले. सिद्धराम धावत आला. दगडामातीच्या कामात तू स्वतःला अडकवून घेतलंस, आतला शिव कधी पाहणार, असा अल्लमांचा सवाल होता. त्यांच्याबरोबर तो कल्याणला गेला. तिथे बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून दीक्षा घेतली, पुढे शून्यसिंहासनावर, म्हणजे शरणांच्या प्रमुखपीठावरही बसला. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या नाममुद्रेची त्याची हजाराहून अधिक कन्नड वचनं, म्हणजे छोट्या मुक्त भक्तिरचना, आज उपलब्ध आहेत. वचनसाहित्याचे अभ्यासक कल्याणच्या सिद्धरामाला मोठा मानतात, ते योग्यच आहे. सोलापूरने मात्र काळजाशी धरला तो तळं खोदणारा.

यात्रेचा गाभा म्हणजे लग्न. एका कुंभारकन्येला सिद्धरामाशी लग्न करायचं होतं. आपण विरक्त आहोत, असं सांगून त्याने तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायची अनुमती दिली. त्या योगदंडाचं रूप म्हणजे नंदीध्वज, म्हणजेच उंचच उंच काठ्या. एकूण सात. त्यांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत, त्यात मातंग समाजही आहे. पहिल्या दिवशी नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि लिंगांना तेल लावलं जातं, तेच यण्णीमज्जन. भोगीच्या दिवशी तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर सुगडीपूजन होतं, मग संमती, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टका, वाचली जाते. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' हे शब्द आले की चहूकडून अक्षता पडतात. काठी पेलणारा गडी कमरेच्या पट्ट्यात बुंधा अडकवून, मान वर करून, तोल सावरत एकेक पाऊल टाकतो. 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' या गजराशिवाय ती काठी हलत नाही, असं पेलणारे मनापासून मानतात.

संक्रांतीला होम. त्या रात्री भाकणूक, म्हणजे वर्षाचं भविष्य सांगणं, असते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, गाजर असं काय काय मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं का, मूत्र करतं का, यावरून पाऊसपाणी आणि बाजारभाव यांचा अंदाज बांधला जातो. गिरण्यांचं गाव झालं तरी शेतकऱ्याची ही धास्ती यात्रेतून गेली नाही. मग दारूकाम, आणि शेवटी नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा कप्पडकळ्ळी. विधींची नावं कन्नड, जत्रेतली बोली मराठी, आणि विणकरांच्या पेठांतून आलेली कुटुंबं तेलुगू बोलत पुढे सरकतात. सोलापूर मुळात असंच आहे.

याच दिवसांत आणखी एक स्मरण येतं. इंग्रजांनी १९३० मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली, तो दिवस १२ जानेवारी १९३१. त्यामुळे शहरात एकीकडे नंदीध्वज सजत असतात आणि दुसरीकडे हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात.