हेत्वारोप (राजकीय)

एखाद्या धोरणाने लोकांचे नुकसान झाले, तर ते आखणाऱ्यांच्या मनात त्या लोकांविषयी द्वेष असलाच पाहिजे असे धरून चालणे, हे राजकीय हेत्वारोपाचे नेहमीचे रूप. ध्रुवीकरण तीव्र झाले की स्वपक्षाची ती चूक आणि विरोधकांचे ते कारस्थान ठरते. वेट्झ, यंग व गिंजेस या मानसशास्त्रज्ञांच्या २०१४ मधील अभ्यासात अमेरिकेच्या दोन्ही पक्षांचे समर्थक, तसेच इस्रायली व पॅलेस्टिनी लोक एकच गोष्ट सांगताना दिसले: आमचे लोक आपल्या माणसांवरील प्रेमापोटी झगडतात, समोरचे द्वेषापोटी. अचूक अंदाजाला पैसे देऊ केल्यावर पक्षसमर्थकांचा हा कल सौम्य झाला.

द्वेषावाचून हानी होऊ शकते का? अमेरिकेच्या १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक (कोकेनचे खड्यांच्या रूपातले, धूर करून ओढायचे रूप) आणि ५०० ग्रॅम कोकेन पूड यांना सारखीच, किमान पाच वर्षांची शिक्षा ठरवली. क्रॅकच्या खटल्यांत बहुसंख्य आरोपी कृष्णवर्णीय असल्याने भार त्यांच्यावर पडला. मात्र क्रॅकमुळे वस्त्या उद्ध्वस्त होताना पाहणाऱ्या काही कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींनीही या कायद्याला पाठिंबा दिला होता. २०१० मध्ये १००:१ हे प्रमाण १८:१ वर आले. म्हणजे विषमता कमी झाली, संपली नाही. हेतू बरा होता एवढ्याने तुरुंगातली वर्षे परत मिळत नाहीत, आणि हेत्वारोप करणारे नेमके हेच विसरतात: द्वेष सिद्ध करण्याच्या नादात नुकसानीचा मुद्दा बाजूला पडतो, मग आरोप झालेला पक्षही ‘आमच्या मनात तसे नव्हते’ एवढ्यावर सुटतो.

द्वेष खरोखरच असतो, पण त्याचा पुरावा क्वचितच इतका उघड मिळतो, जितका अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मिळाला. तेथील १९०१ च्या राज्यघटना परिषदेत गोऱ्यांचे वर्चस्व हे उद्दिष्ट जाहीरपणे मांडले गेले होते. त्यामुळे ठरावीक गुन्ह्यांसाठी मताधिकार काढून घेणारे, वरकरणी तटस्थ कलम १९८५ मध्ये रद्द झाले.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने नोकरीविषयक कायद्यासाठी भेदभावकारक परिणाम पुरेसा मानला (ग्रिग्ज खटला, १९७१). घटनात्मक समतेच्या दाव्यासाठी मात्र हेतू आवश्यक धरला (वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस, १९७६). भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नितीशा खटल्यात अप्रत्यक्ष भेदभाव (वरकरणी तटस्थ नियमाचा भार एखाद्या गटावर विषम पडणे) ही संकल्पना स्वीकारली. पुरुष अधिकाऱ्यांना २५ ते ३० या वयात लागू होणारा वैद्यकीय निकष लष्कराने कायम नेमणूक देताना चाळिशी ओलांडलेल्या महिला अधिकाऱ्यांना लावला होता. तो भेदभाव ठरवताना न्यायालयाने कोणाचा हेतू वाईट होता, हे शोधण्याची गरज मानली नाही.