पार्श्वभूमी: मोफत वकील कोठडीपर्यंत कसा पोचला

मराठीत ‘सरकारी वकील’ म्हणजे आरोपीच्या विरुद्ध उभा राहणारा. त्यामुळे सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाकडे मुंबईच्या किल्ला कोर्टातला गरीब आरोपी संशयाने बघत असेल, तर नवल नाही. गंमत अशी, की मोफत वकिलाचा हा हक्क बराचसा मुंबईशी जोडलेल्या खटल्यांतूनच घडला.

१९७८चा होस्कोट खटला बनावट पदव्यांचा. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवून तीन वर्षे केली, पण निकालाची प्रतच तुरुंगात मिळाली नाही, अशी आरोपीची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयात अर्ज पोचायला चार वर्षे उशीर झाला. अर्ज फेटाळला गेला. पण कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मोफत मिळालाच पाहिजे, असं न्या. कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिलं. थोडक्यात, वकील आला तो शिक्षा लागल्यावर.

मग पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा बायकांना भेटल्या. पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. दोन परदेशी महिलांची तक्रार तर स्वतःच्या वकिलानेच लुबाडल्याची होती. या तक्रारींवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३च्या निकालाने पोलिसांना बजावलं: अटक होताच जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवा. मला हाच टप्पा कळीचा वाटतो. पोलीस कोठडी वाढते की नाही, जामीन कितीचा, जामीनदार हवाच का, हे पहिल्या काही तारखांनाच ठरतं. त्या वेळी बाजूने बोलणारं कोणी नसेल, तर जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो. फुटपाथवर राहणाऱ्याने रेशनकार्ड आणि पगाराची स्लिप असलेला जामीनदार आणायचा कुठून?

१९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ला लागू झाला. मोफत वकील मिळण्यासाठी कोठडीतल्या माणसाला त्यात उत्पन्नाची अट नाही. आर्थर रोड तुरुंगातला प्रत्येक कच्चा कैदी (खटला अजून न संपलेला) पात्र. काम मात्र पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलांकडे: खासगी प्रॅक्टिस सांभाळून, दर प्रकरणामागे तुटपुंजं मानधन.

२०१२मध्ये, कसाबच्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं: आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जाताच वकील देणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, चुकल्यास खातेनिहाय कारवाई. पण तेवढ्याने खटला रद्द होत नाही. आरोपीचं प्रत्यक्ष नुकसान झाल्याचं दिसलं पाहिजे.

२०२२च्या योजनेतून पूर्णवेळ, पगारी ‘लोकअभिरक्षक’, म्हणजे आरोपीच्या बाजूचे मोफत वकील, नेमायला सुरुवात झाली. त्यांना खासगी प्रॅक्टिस बंद, आणि काम रिमांडपासून अपिलापर्यंत.