फाइलवरचे स्नायूंचे शब्द: अर्थ आणि मूळ

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारे बरेच जण डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करून आधी हेच विचारतात, "हे काय लिहिलंय? गंभीर आहे का?" लांबलचक शब्द पाहून धास्ती वाटते, म्हणून हे माहितीपत्रक.

यातले बहुतेक शब्द ग्रीक तुकडे जोडून केलेले आहेत. 'मायो' म्हणजे स्नायू. मूळ ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ उंदीर. लॅटिन 'मस्क्युलस' म्हणजेही छोटा उंदीर. दंडावर आपल्याला बेटकुळी दिसली, रोमनांना उंदीर.

कामाची माहिती असते ती शब्दाच्या शेवटी. 'मायाल्जिया'तला 'अल्जिया' म्हणजे वेदना. स्नायू दुखतोय एवढंच हे नाव सांगतं, कारण सांगत नाही. तापात अंग मोडून येतं तीही मायाल्जिया, आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांमुळे काहींचं अंग दुखतं तीही. (गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.) 'मायोसायटिस'मध्ये शेवटी 'आयटिस' आहे, म्हणजे स्नायूला दाह. अशा वेळी तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आम्ही व्यायाम वाढवत नाही.

'ॲट्रॉफी' आणि 'डिस्ट्रॉफी' यांत गल्लत फार होते. दोन्हींत 'ट्रॉफी' म्हणजे पोषण. प्लास्टर काढल्यावर पोटरी बारीक दिसते ती ॲट्रॉफी. वापर नसल्याने आलेली ही झीज व्यायामाने बरीच भरून येते. डिस्ट्रॉफी जनुकातल्या दोषामुळे होते. मुख्यतः मुलग्यांमध्ये आढळणाऱ्या एका प्रकाराला एकोणिसाव्या शतकातल्या द्युशेन या फ्रेंच डॉक्टरांचं नाव आहे. या मुलांच्या स्नायूंत डिस्ट्रॉफिन हे प्रथिन जवळजवळ नसतंच, हे 1987 साली कळलं. नावात 'पोषण' असलं तरी खाण्यापिण्याशी याचा संबंध नाही. आईवडिलांनो, तुमच्याकडून काहीही कमी पडलेलं नाही. आणि मुलाला जोर काढायला लावू नका, त्याने स्नायूंना आणखी इजा होते.

उतारवयात स्नायू आणि ताकद घटते तिला 'सार्कोपेनिया' म्हणतात: 'सार्क्स' म्हणजे मांस, 'पेनिया' म्हणजे उणीव. हा शब्द 1989 सालचा. इथे वजन उचलण्याचे बेताचे व्यायाम खरोखर उपयोगी पडतात.

उसण भरली की चिठ्ठीवर 'स्पाझम' येतं; मूळ अर्थ ओढ.

अचानक जबर व्यायाम केल्यावर अंग खूप दुखून लघवी कोलासारखी काळपट झाली, तर आमच्याकडे न येता थेट रुग्णालयात जा. तो 'रॅब्डोमायोलिसिस' असू शकतो. त्यात स्नायूपेशी फुटतात आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात.

पहिल्या भेटीला जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी सोबत आणा.