बंदुका नजरेआड कशा गेल्या: ‘फास्ट अँड फ्युरियस’ची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या केंद्रीय शस्त्र यंत्रणेवरचा (एटीएफ) राग जुना आहे. 1992 चे रुबी रिज, म्हणजे आयडाहोतल्या एका घराला केंद्रीय पोलिसांनी घातलेला वेढा, सुरू झाले ते एका खबऱ्याने त्या घराच्या मालकाकडून विकत घेतलेल्या, नळी कापून आखूड केलेल्या दोन शॉटगनवरून. सापळा लावून गुन्हा करायला लावला, असे बचाव पक्षाने मांडले आणि ज्युरीने त्या माणसाला शस्त्रविक्रीच्या आरोपातून सोडले. तोवर त्याची बायको, 14 वर्षांचा मुलगा आणि एक केंद्रीय मार्शल प्राणाला मुकले होते. पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या वेको इथल्या एका पंथाच्या वसाहतीचा रक्तरंजित वेढा घडला. तेव्हापासून तक्रार एकच होती, यंत्रणा माणसांच्या फार मागे लागते. ॲरिझोनात 2009 नंतर ‘फास्ट अँड फ्युरियस’ या मोहिमेत जे झाले, त्यात मेक्सिकोच्या टोळ्यांसाठी बंदुका घेणाऱ्यांच्या ती मागे लागलीच नाही.

हे समजायला 1986 चा कायदा लक्षात ठेवावा लागतो. बंदुकांची केंद्रीय नोंदवही ठेवायला त्याने मनाई केली. त्यामुळे गुन्ह्यात सापडलेल्या रायफलीचा माग कारखाना, घाऊक व्यापारी, दुकान असा कागदोपत्री काढावा लागतो आणि तो पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावापाशी थांबतो. त्या गिऱ्हाइकाने दुकानात एक अर्ज भरलेला असतो. ‘या बंदुकीचे खरे खरेदीदार तुम्हीच आहात का?’ असा त्यात प्रश्न असतो. ‘हो’ वर खूण केली, पार्श्वभूमी तपासणीत काही आडवे आले नाही, की रायफल हातात. दुसऱ्यासाठी घेत असाल तर तो गुन्हा आहे, पण तेव्हा तो मुख्यतः अर्जावर खोटे लिहिल्याचा गुन्हा होता. आपल्याकडच्या ‘बेनामी’ची ही जवळची बहीण. एकाच माणसाने एका दिवसात दहा रायफली घेतल्या तरी तेवढ्यावरून कोणताही कायदा मोडत नव्हता.

आता ज्या शब्दावरून सगळे रान पेटले तो शब्द. इंग्रजीत त्याला ‘गन वॉकिंग’ म्हणतात. मराठी बातम्यांत ‘बंदुका चालू देणे’ असे काहीतरी लिहिले जाते आणि अर्थाचा घोटाळा होतो, कारण आपल्याकडे बंदूक चालवणे म्हणजे गोळी झाडणे. इथे अर्थ वेगळा आहे: माल कुठे चालला हे ठाऊक असताना तो डोळ्यांदेखत जाऊ देणे. अमली पदार्थांच्या तपासात माल मुद्दाम पुढे जाऊ देतात, पण पाळत सोडत नाहीत आणि शेवटी मालासकट माणूस धरतात. ॲरिझोनात पाळत मध्येच सुटत होती. 2006-07 मध्ये टुसॉनमधून चाललेल्या आधीच्या मोहिमेतही शेकडो बंदुका अशाच गेल्या. निदान तेव्हा मेक्सिकोच्या पोलिसांना सामील करून घेण्याचे प्रयत्न तरी झाले. 2009 च्या शरद ऋतूत फिनिक्समध्ये सुरू झालेल्या ‘फास्ट अँड फ्युरियस’मध्ये मेक्सिकोला काही कळवलेच नाही.

यंत्रणेची बाजू अशी की बंदुका आम्ही सोडल्या नाहीत, आम्हाला थांबवता आल्या नाहीत. सरकारी वकिलांचे म्हणणे होते की मुद्देमाल हाती नसेल तर खटला उभा राहत नाही. यात तथ्य आहे. पण प्रत्यक्ष रस्त्यावर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी सांगितले की गाडी अडवू नका, असे आदेश होते. 2012 च्या अंतर्गत चौकशीनेही म्हटले की मोठ्या टोळीपर्यंत पोचण्यासाठी कारवाई लांबवणे हे ठरवून केले होते. आकडेच पुरेसे बोलतात. सुमारे 2000 बंदुका विकल्या गेल्या आणि तपास चालू असताना जप्त झाल्या जेमतेम 100. एका तरुणाने एकट्याने 700 हून जास्त घेतल्या. विकणाऱ्या दुकानदारालाच धास्ती वाटली. या बंदुका सीमेवरच्या जवानांवर रोखल्या जाऊ नयेत, असे त्याने जून 2010 मध्ये यंत्रणेला लिहून कळवले होते.

14 डिसेंबर 2010 च्या रात्री पेक कॅनियनमध्ये सीमा दलाच्या एका जवानाला गोळी लागली आणि त्यात तो मरण पावला. घटनास्थळी एके-47 पद्धतीच्या दोन रायफली सापडल्या. दोन्ही त्याच वर्षीच्या जानेवारीत, या मोहिमेच्या नजरेत असलेल्या गिऱ्हाइकाने घेतलेल्या. त्याला अटक झाली ती जवानाच्या मृत्यूनंतर.

पुढचे वॉशिंग्टनचे राजकारण सर्वांना माहीत आहे. फेब्रुवारी 2011 च्या पत्रात, ही यंत्रणा ज्याच्या हाताखाली येते त्या न्याय खात्याने असे काही घडलेच नाही म्हटले आणि डिसेंबरमध्ये ते पत्र मागे घेतले. मागितलेली कागदपत्रे दिली नाहीत म्हणून जून 2012 मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने न्याय खात्याच्या प्रमुखांना, म्हणजे ॲटर्नी जनरलना, 255 विरुद्ध 67 मतांनी सभागृहाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले. दीड वर्ष भांडण कागदपत्रांवर चालले आणि मेक्सिकोतले मृत त्यात जवळजवळ कुठेच नव्हते. 2010 मध्येच मेक्सिकोतल्या चिहुआहुआ राज्याच्या माजी प्रमुख सरकारी वकिलाच्या भावाचे अपहरण करून खून झाला. त्या टोळीकडून मिळालेल्या शस्त्रांपैकी दोन रायफली याच मोहिमेतल्या निघाल्या. जानेवारी 2016 मध्ये सिनालोआ या मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळीच्या म्होरक्याला पकडताना लोस मोचिसच्या घरात .50 कॅलिबरची रायफल मिळाली. तिचा मागही फिनिक्सपर्यंत पोचला.

दुसऱ्यासाठी बंदूक घेणे आणि बंदुकांची तस्करी हे स्वतंत्र केंद्रीय गुन्हे झाले ते थेट जून 2022 मध्ये. साधारणपणे 15 वर्षांपर्यंत शिक्षा. 2011 मध्ये मेक्सिकोला लागून असलेल्या चार राज्यांतल्या दुकानांवर मात्र नवा नियम लागू झाला होता: एकाच गिऱ्हाइकाने पाच दिवसांत ठरावीक प्रकारच्या दोन किंवा अधिक रायफली घेतल्या, तर यंत्रणेला कळवायचे. मेक्सिको सरकारने अमेरिकी बंदूक कंपन्यांवर 2021 मध्ये भरलेला दावा जून 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला.